काकू, उजवीकडून!

पन्नास मीटर पोहायला मला ५८ सेकंद लागतात. शर्यतीतल्या त्या ५८ सेकंदांत मला आजवर साधं खरचटलंही नाही. जे झालं ते शर्यतीआधीच्या वॉर्म-अपमध्ये झालं, आणि चूक माझी होती.

मी नागपुरात एका शाळेत गणित शिकवते. पोहायला शिकले ३८व्या वर्षी, तेही गुडघा कुरकुरायला लागला म्हणून. सकाळची बायकांची बॅच. चार लांब्या पोहायच्या, काठाला धरून गप्पा मारायच्या, पुन्हा दोन लांब्या, आणि घरी जाताना गोकुळपेठेत तर्री-पोहे खाऊन सगळा हिशोब बरोबर करायचा. सहा वर्षं असं मजेत चाललं होतं. मग एक दिवस आमचे कोच सर म्हणाले, "मॅडम, मास्टर्समध्ये नाव टाकून द्या. तुमच्या वयाच्या बायका येतच नाही न. मेडल पक्कं समजा."

मास्टर्स म्हणजे पंचविशी ओलांडलेल्यांची स्पर्धा. पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि त्या वर्षी ३१ डिसेंबरला जे वय भरेल ते धरतात. मी तेव्हा ४४ वर्षांची, पण वाढदिवस नोव्हेंबरात, म्हणून ४५ ते ४९च्या गटात गेले. गटात सगळ्यात लहान. वय लहान असण्याचं सुख फार दिवसांनी मिळालं. फॉर्म, आधारची झेरॉक्स, डॉक्टरचं फिट असल्याचं पत्र, फी, हे सगळं दोन दिवसांत उरकलं. ५० मीटर फ्रीस्टाइल आणि ५० मीटर बॅकस्ट्रोक, म्हणजे उताणं पोहणं.

ऑगस्टातला रविवार होता. शहरातल्याच एका उघड्या तलावावर लहान मुलांच्या वयोगटांची आणि मास्टर्सची स्पर्धा एकत्र ठेवलेली. सकाळी मेट्रोनं निघाले, ती नेमकी ॲक्वा लाइन, आणि मी तो शुभशकुन समजले.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉर्म-अपसाठी वेगळा तलाव नसतो. ज्या पाण्यात शर्यत, तेच पाणी आधी तासभर सगळ्यांना मोकळं सोडतात. गेटमधून आत आले तर आठ लेनमध्ये मुंडकीच मुंडकी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाजारात असते तशी गर्दी, फक्त आडवी. मी शाळेतल्या सवयीनं मोजलं: एका लेनमध्ये वीसच्या आसपास, म्हणजे एकूण दीडशेच्या वर. लेन अडीच मीटर रुंद. अर्ध्या बाजूनं जायचं आणि अर्ध्या बाजूनं यायचं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मीटर. आणि माझे दोन्ही हात पसरले तर दीड मीटरच्या वर होतात. गणित तिथेच चुकलेलं होतं, पण ते मला पाण्यात उतरल्यावर कळलं.

उतरायचं कसं हे सरांनी बजावून ठेवलं होतं. "सूर नाही मारायचा. काठावर बसायचं, एक हात काठाला, पाय आधी, सरकत आत." अमेरिकेत तर वॉर्म-अपमध्ये पाय आधी घालूनच उतरायचं हा लेखी नियम आहे, हे त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, हे लहान मुलांसाठी असेल. तरी सांगितलं तसं उतरले, कारण सर बघत होते.

आणि डावीकडून पोहायला लागले. काहून? कारण रस्त्यावर आपण डावीकडून चालतो! (व्हरायटी चौकातल्या दुचाक्या पाहून हे पटणार नाही, पण कायद्यानं तरी डावीकडूनच.) बायकांच्या बॅचमध्ये आम्ही कधी गोल फिरलोच नव्हतो, ज्याची त्याची लेन ठरलेली. इथे पंधरा मीटरही झाले नसतील, समोरून एक बारा-एक वर्षांची मुलगी सरळ माझ्या डोक्याच्या दिशेनं येत होती. ती थांबली, गॉगल वर केला आणि माझ्या शाळेतल्या मुलांना मी ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात म्हणाली, "काकू, उजवीकडून!"

मी उजवीकडे गेले. आता मागून कोणीतरी माझ्या तळपायाला हात लावला. लागला असेल चुकून. पाच हात मारले, तर पुन्हा. मला रागच आला, हे कोणतं वळण? मी पाय जोरजोरात मारले. भिंतीला पोचल्यावर मागून आलेला मुलगा धापा टाकत बघत राहिला आणि पुढे निघून गेला. पायाला एकदा हात लावणं म्हणजे "मला पुढे जायचंय, भिंतीवर जरा कोपऱ्यात थांबा", ही पाण्यातली भाषा आहे, हे मला नंतर समजलं. रस्त्यावर हॉर्न वाजवतात तसं, फक्त एकदाच आणि हळू. मी त्याचा हॉर्न ऐकून रस्ता आणखी अडवला होता.

मग गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि मी लेनच्या मधोमध थांबले. त्याचंही गणित नंतर घरी करून पाहिलं. ५० मीटरच्या लेनचा फेरा १०० मीटरचा, त्यात २० जण, म्हणजे दोघांत ५ मीटर. माणूस सेकंदाला एक मीटरनं पोहतो असं धरा. मी पाच सेकंद थांबले की मागचा माझ्या पाठीवर, दहा सेकंद थांबले की त्याच्यामागचाही. मला गॉगल नीट करायला दहा सेकंद सहज लागतात. त्या दिवशी तेवढ्या वेळात एकाचा हात माझ्या कानावर आणि दुसऱ्याचं डोकं माझ्या कमरेत बसलं. दुसरा बटरफ्लाय करत होता, म्हणजे दोन्ही हात एकदम पसरून. गर्दीच्या लेनमध्ये बटरफ्लाय करणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

तेवढ्यात लाउडस्पीकरवर काहीतरी सांगितलं. डोक्यावर रबरी टोपी, कानात पाणी, दीडशे जणांचे पाय. मला "लेन" एवढाच शब्द कळला. आणि दोन-तीन मिनिटांत माझ्या बाजूची आठ नंबरची लेन रिकामी झाली. पूर्ण रिकामी.

खच्चून भरलेल्या एसटीत एकच सीट मोकळी दिसली, तर आपण आधी वाकून पाहतो, कारण तिथे कोणीतरी ओकलेलं असणार. पाण्यात मला ते सुचलं नाही. मी खुशीत दोरीखालून पलीकडे गेले, भिंतीला धरून उभी राहिले, गॉगल घट्ट केला आणि पायानं भिंत रेटून निघाले.

घोषणा अशी होती की एक आणि आठ नंबरच्या लेन आता फक्त स्टार्टसाठी. ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या उंच ओट्यावरून, सूर मारायचा, तसंच सरळ पुढे जायचं, पलीकडून बाहेर निघायचं आणि काठाकाठानं चालत परत यायचं. एकेरी वाहतूक. माझ्या डोक्यावरच्या ब्लॉकवर एक मुलगा उभा होता, तेरा वर्षांचा. त्याच्या कोचनं टाळी वाजवली आणि तो सुटला.

ब्लॉक पाण्यापासून ५० ते ७५ सेंटिमीटर उंच असतो आणि त्यावर उभ्या माणसाला भिंतीला चिकटलेलं कोणी दिसत नाही. तो पाण्यात शिरतो भिंतीपासून साधारण तीन मीटरवर. आणि भिंत रेटून निघालेली बाई सेकंदाभरात पोचते तीही तिथेच. त्याचे दोन्ही हात माझ्या उजव्या खांद्यामागे आदळले. मला वाटलं, वरून कोणीतरी पोतं टाकलं. मी खाली गेले, पाणी प्यायले, वर आले. तो वर आला तेव्हा डाव्या हातानं उजवं मनगट धरून होता.

"कोण आहे ही बाई? कोणाची आहे?" त्याचे कोच ओरडले. आमचे सर पुढे आले नाहीत, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

मला खांद्याला सूज होती, पण हात वर जात होता. मी दोन्ही शर्यती पोहले. गटात आम्ही तिघी होतो, त्यामुळे सरांचा मेडलचा हिशोब चुकला नाही. त्या मुलाचं मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं, पण त्याची १०० मीटर बटरफ्लाय गेली. मांडवात तो आईजवळ बसला होता, बाहेरच्या लिंबू-शरबतवाल्याकडून आणलेला बर्फ रुमालात बांधून. मी माफी मागायला गेले. आई काही बोलली नाही. तो खाली बघत म्हणाला, "ठीक आहे काकू." वर्षभर सराव केला असेल त्यानं. मेडल मी घरी कोणाला दाखवलं नाही.

आठवडाभरानं सरांना म्हटलं, मला शर्यत नका शिकवू, गर्दीत पोहायला शिकवा. ते हसले, पण त्यांनी आठवड्यातले तीन दिवस मला मुलांच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये टाकलं. एका लेनमध्ये बारा मुलं आणि मी.

सगळ्यात आधी शिकले ती काळी पट्टी. तळावरची रेघ कायम आपल्या डाव्या हाताला ठेवायची, की आपण आपोआप उजवीकडे राहतो. ही रेघ भिंतीच्या दोन मीटर आधी आडव्या रेघेवर संपते. तिथून भिंतीच्या मध्याकडे वळायचं, मध्याला टर्न घ्यायचा आणि पलीकडच्या बाजूनं निघायचं. म्हणजे भिंतीचा मधला भाग टर्न घेणाऱ्यांचा. थांबायचं असेल तर कोपऱ्यात, दोरीला चिकटून. आम्ही बायका सहा वर्षं नेमक्या त्या मधल्या भागाला धरून सुनांच्या गप्पा मारत होतो.

दुसरं, निघताना पुढच्याला पाच सेकंद जाऊ द्यायचं. तलावाच्या भिंतीवर मोठं सेकंदकाट्याचं घड्याळ असतं ते शोभेचं नसतं. आणि गॉगलची कितीही अडचण झाली तरी भिंतीपर्यंत यायचं. अगदीच जमलं नाही तर दोरीला चिकटायचं, पण मध्ये उभं राहायचं नाही.

खरी तारांबळ उडवली बॅकस्ट्रोकनं. छत असलेल्या तलावात वरच्या पत्र्याची रेघ धरून सरळ जाता येतं. आपल्याकडे वर आकाश, संध्याकाळचं ऊन डोळ्यांत, ढग हलतात तसे आपणही वाकडे होतो. त्यात आणखी एक गंमत. पालथं पोहताना उजवीकडची दोरी उजव्या हाताला असते. उताणं झालं की तीच दोरी डाव्या हाताला येते आणि समोरून येणारी माणसं उजव्या हाताला. शाळेत मी मुलांना आरशातल्या प्रतिमा शिकवते, पण हे माझ्या डोक्यात शिरायला चार दिवस लागले. शेवटी सरांनी सांगितलं, "डाव्या हाताची करंगळी मधून मधून दोरीला लागली पाहिजे. लागली नाही तर समजा कोणाच्या तरी तोंडावर चालल्या तुम्ही."

आणि झेंडे. भिंतीपासून ५ मीटरवर दोरीला बांधलेल्या पताका डोक्यावर दिसल्या की हात मोजायचे. माझे सहा होतात, सहाव्याला भिंत. उंच मुलांचे चार. प्रत्येक नव्या तलावात वॉर्म-अपमध्ये हे आधी मोजून घ्यायचं, कारण पताका नेहमी नीट बांधलेल्या असतीलच असं नाही. माझ्या त्या पहिल्या स्पर्धेत त्या अर्धा वॉर्म-अप झाल्यावर बांधल्या गेल्या. हात मोजताना मला आपल्या नागपूरच्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांची आठवण यायची. २०१७ साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्ण त्यांनी मिळवलं. अंध जलतरणपटूंच्या गटात भिंत जवळ आली की काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीनं पोहणाऱ्याला स्पर्श करून कळवतो. बाकी सगळा भरवसा दोरीचा आणि मोजलेल्या हातांचा. मी डोळे उघडे ठेवून दोनदा भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं.

पुढच्या वर्षी आयोजकांनी वॉर्म-अपवर लक्ष ठेवायला माणसं मागितली तेव्हा सरांनी माझं नाव दिलं. कोणत्या भावनेनं दिलं ते विचारलं नाही. मी आदल्या रात्री शाळेतला कार्डबोर्ड आणून बाणांच्या पाट्या केल्या आणि वरून सेलोटेप मारला. प्रत्येक लेनला एक पाटी: हळू, मध्यम, जलद. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत कळलं की या पाट्या बिनकामाच्या आहेत. "हळू"मध्ये कोणी उतरेना. सत्तरीचे आजोबा "मध्यम", कालपरवा शिकलेली मुलगी "मध्यम", राज्य पातळीवरचा मुलगा विनयानं "मध्यम". मध्यम लेनमध्ये पंचवीस आणि हळू लेनमध्ये मी ठेवलेली एक पाटी. मग मार्करनं शब्द खोडून वेळा लिहिल्या: १०० मीटरला अडीच मिनिटांच्या वर, दोन ते अडीच, दोनच्या आत. आकड्याशी कोणी वाद घालत नाही. पाच मिनिटांत गर्दी वाटली गेली.

शिट्टीचा उपयोग नाही, पाण्यातल्याला ऐकू येत नाही. लेन बदलायची वेळ झाली की मी लाल किकबोर्ड, म्हणजे पाय मारायच्या सरावाची फळी, भिंतीजवळ पाण्यात उभा धरायची. येणारा तो बघून थांबायचा, मग तोंडानं सांगायचं, आणि लेन पूर्ण रिकामी झाली की भिंतीखाली वाकून बघायचं. हाताचे पॅडल घातलेल्या दोघांना ते काढायला लावले, कारण ते प्लास्टिक लागलं तर कातडी सोलते. एकाला श्वास रोखून पाण्याखालून अख्खी लांबी जायची होती. त्याला मी रागावलेच. श्वास कोंडून पोहताना शुद्ध हरपली तर आधी कसलीच खूण दिसत नाही, आणि दीडशे जणांच्या पाण्यात तळाशी गेलेलं एक पोर कोणाला दिसणार?

बांगड्यांचं मात्र कुठल्या नियमात नव्हतं. साठीच्या एक बाई, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. "काढणार नाही," म्हणाल्या, "घरून निघताना सासूबाईंनी घातल्या." साठीच्या बाईंच्या सासूबाई! मी काय बोलणार. काच पाण्यात फुटली तर अख्खा तलाव रिकामा करावा लागतो. शेवटी प्रथमोपचाराच्या पेटीतलं क्रेप बँडेज काढून दोन्ही हातांना बांगड्यांवरून गच्च गुंडाळलं. मुष्टियोद्ध्यासारख्या दिसत त्या "हळू"मध्ये उतरल्या, पाय आधी.

ब्लॉकच्या लेनमध्ये मी स्वतः उभी राहिले, ती जागा दुसऱ्याला दिली नाही. एक काका आले, काटोलकडचे, संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पोहायला शिकलेले. स्टार्टच्या लेन सुरू व्हायला वेळ होता आणि ते मधल्या लेनच्या ब्लॉकवर चढून उभे.

"काका, खाली या. आत्ता सूर नाही मारायचा."

"काहून? पन्नास वर्षं झाले, मी विहिरीत मुटके मारून राहिलो, अन् तुम्ही मले शिकवता?"

"विहिरीत उडी मारताना आधी ओरडत होता की नाही?"

ते थांबले. "ओरडाच लागे न. खाली पोट्टे राहायचे."

"मग इथे खालचं पोट्टं टोपी घालून आहे. त्याला ऐकू येत नाही."

ते कुरकुरत उतरले, काठावर बसले आणि सरकत पाण्यात गेले. जाताना "मास्तरीण हाय वाट्टे," असं कोणाला तरी म्हणाले, ते मला ऐकू आलं.

स्टार्टच्या लेन उघडल्या तेव्हा रांगेत तो मुलगा होता, मनगटवाला. वर्षभरात उंच झालेला, आवाज फुटलेला. त्यानं मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. ब्लॉकवर चढण्याआधी तो काठावर पोटावर पालथा पडला, डोकं खाली घालून भिंतीखाली दोन्हीकडे पाहिलं आणि मगच वर चढला. मी आधीच पाहिलेलं होतं. तरी तो खाली वाकला म्हणून मीही पुन्हा वाकले. मग हात वर केला आणि तो सुटला.

या सगळ्या गडबडीत माझा स्वतःचा वॉर्म-अप राहून गेला. बॅकस्ट्रोकला नाव पुकारलं तेव्हा मी टोपी शोधत पळत सुटले. ओल्या फरशीवर पळू नका असं सकाळपासून शंभर जणांना सांगितल्यावर. शर्यत सोडणाऱ्या स्टार्टरनं आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, गळ्यातली शिट्टी काढता का?"